डोळे आधी

१

माही बायको कमरुन्निसा चूल पेटवाले बसली की तोंडावर ओढणी घे. डोक्यावर नाही, तोंडावर, पार हनुवटीपर्यंत. तशीच भाकर थापे, तशीच उलथे, अन् तशीच माह्यासमोर ताट आणून ठेवे.

पहिल्या दिवशी मले वाटलं, धुरानं डोळे चुरचुरत असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, रुसली. रुसाले कारण बी होतं. नऊ वर्षं रंगूनले जाऊन बसलेला नवरा एकतीस साली टिनाची पेटी घेऊन दारात उभा राह्यला, तं बाईनं काय हार घालायचा? रुसू दे म्हटलं. मी बी काही कमी हट्टी नाही. आमच्या खानदानात हट्ट अन् दमा दोन्ही बापाकडून येतात.

पण रुसलेली बाई ताट आपटते, विचारलं ते ऐकत नाही, शेजारणीले ऐकू जाईन असं बोलते. कमरूचं तसं काही नव्हतं. मीठ पाह्यजे काय, पाणी गरम हाय, आज पेढीवर जाता काय, असं साधं बोले. फक्त ओढणीच्या आतून.

अन् घरात होतं कोण, ज्याच्यापासून पडदा करावा? अम्मी, म्हणजे माही आई हुस्नाबानो, तीन वर्षांमागं गेली. लेकरूबाळ नाही. कारंजातल्या आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, मागं अंगण, अंगणात लिंब, लिंबाखाली माह्या रंगाच्या वाट्या. मी अन् ती. नवऱ्यापासून तोंड झाकणारी बायको मी तं कुठी ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी मांगीलालच्या पेढीवर गेलो होतो. हा कापसाचा व्यापारी, भला माणूस, नवा बोर्ड रंगवून पाह्यजे होता त्याले. माप घेतलं अन् लवकर घरी आलो. चपला हातात होत्या, अंगठा तुटला होता म्हणून. कमरूले माही चाहूल लागली नाही.

ती आतल्या खोलीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. चूल थंडी होती, धूर नव्हता, मी बी नव्हतो. अन् तोंडावर ओढणी होती.

जराक तांदूळ निवडे अन् जागा बदले. आधी खांबापाशी होती, मंग दोन हात सरकली, मंग भिंतीकडे पाठ केली. मंग उठली, अन् भिंतीतल्या दिवळीसमोरून जाताना तिनं सूप उचलून तोंडासमोर धरलं. चार तांदूळ खाली सांडले. ते वेचाले ती वाकली नाही.

"कमरू," मी म्हटलं.

ती दचकली नाही. "आले? वाढू काय?" म्हणाली.

२

आता मले माहं काम सांगा लागते, नाही तं पुढचं कोणाले समजाचं नाही.

माहे अब्बा जमशेद नक्काशीवाले. बैलांच्या दमण्या, दरवाजे, मोहरमचे ताबूत, झालंच तं शेठलोकांच्या पेढ्यांच्या चौकटी. वेल, डाळिंब, फार तं मोर. मोराचा डोळा अब्बा सगळ्यात शेवटी काढत, काम उचलून न्यायच्या दिवशी, अन् तो बी नुसता एक ठिपका. माणसाचं तोंड आमच्या घरात कोणी काढलं नव्हतं. मी लहानपणी कोळशानं एक काढलं होतं भिंतीवर. अब्बानं मारलं नाही, पण स्वतः भिंत धुतली, अन् दोन दिवस माह्याशी बोलले नाही.

बावीस साली एका सुरती व्यापाऱ्याबरोबर मी रंगूनले गेलो. कारंजातून छोटी गाडी, मंग मोठी गाडी, मंग कलकत्त्याहून जहाज. त्याच्या दुकानाचे बोर्ड काढायचे होते. गेलो तं पाऊस. असा पाऊस की लाकडावरचा रंग वाळतच नसे. वाळला तं त्याच्यावर बुरशी येई. अब्बानं शिकवलेलं सगळं सहा महिन्यांत कुजलं. माही वेल, माहे डाळिंब, कोणी विचारे ना.

तिथं एक चिनी म्हातारा काचेवर चित्रं काढे. मी त्याले उस्ताद म्हणे, तो मले काही म्हणत नसे. काचेच्या मागून रंगवायचं अन् पुढून पाह्यचं. रंगाले ना पाऊस लागत, ना हात. मी त्याच्यापाशी दोन वर्षं काढली अन् माहा हात सगळा उलटा झाला.

उलटाच म्हणतो. आपल्याकडं आधी जमीन रंगवतात, मंग आकार, मंग बारीक काम, अन् डोळा सगळ्यात शेवटी. काचेवर जे सगळ्यात वर दिसाले पाह्यजे, ते सगळ्यात पहिले काढा लागते. बुबुळातला पांढरा ठिपका पहिला. मंग बुबुळ, पापण्या, भुवया, तीळ, नथ. हे वाळलं की मंग कातडी, मंग कपडे, अन् मागचं आभाळ शेवटी. उस्तादले चार शब्द हिंदी येत, त्यातले दोन हे होते. डोळे आधी.

आता विचार करा. डोळे काढून झाले की चार-पाच दिवस रंग वाळत राह्यते. तेवढे दिवस काच भिंतीले टेकून उभी, अन् तिच्यात तोंड नाही, कपाळ नाही, बाई नाही, नुसते डोळे. मी जेवलो तरी पाह्यत, कूस बदलली तरी पाह्यत. पहिल्या वेळी मी काचेकडं पाठ करून निजलो. मंग सवय झाली. सवयीसारखी वाईट चीज नाही.

आमी चाळीस जण एका माळ्यावर राहत होतो, टिनाच्या छपराखाली. त्यात एक शफीक होता, आपल्या आसेगावचा. लाकडाच्या गोदीत काम करे अन् सांज झाली की बायकोची आठवण काढून रडे. फोटो नव्हता त्याच्यापाशी. खेड्यातल्या बाईचा कोण फोटो काढते? म्हणे, "सैफूभाई, तुमी काढा न तिले. मी सांगतो कशी हाय ते."

त्यानं सांगितलं. गव्हाळ. नाक सरळ. डोळे मोठे. दुसऱ्या देशात बसलेल्या कोणत्याही माणसाले विचारा, त्याची बायको अशीच असते.

मी दुसऱ्या कोणत्या बाईचं तोंड निरखून पाह्यलं होतं? दोनच तोंडं मले पाठ होती, अम्मीचं अन् कमरूचं. अम्मीचं काढाले हात धजला नाही. कमरूचं धजला. हे मी आज लाजेनं सांगतो, तेव्हा लाज वाटली नव्हती. तेव्हा काम जमलं म्हणून खुशी वाटली.

शफीकनं काच हातात घेतली अन् त्याले हुंदका आला. "हीच," म्हणे. "बिल्कुल हीच."

मंग दुसऱ्याले पाह्यजे, मंग तिसऱ्याले. खानदेशातला एक, सुरतेचे चार, चाटगावचे, तेलंगणातले. प्रत्येकाची बायको वेगळी, प्रत्येकाले मी कमरू दिली, अन् प्रत्येक जण म्हणे, हीच. मी कमरू विकली, दुसरा शब्द नाही त्याले.

एक पळवाट मी ठेवली होती. कमरूच्या डाव्या गालावर तीळ हाय. पहिल्या काचेवर मी उलटं धरायचं विसरलो अन् तीळ उजव्या गालावर आला. दुसऱ्या काचेपासून सुधारता आला असता. मी मुद्दाम सुधारला नाही. तीळ उजवीकडे हाय, म्हणजे ही कमरू नव्हेच, असं मी मनाशी म्हणे अन् निजे.

३

त्या तांदळाच्या गोष्टीनंतर दोन दिवसांनी, दिवा लावायच्या वक्ती, मी सरळच विचारलं. "कमरू, तोंड कोणापासून लपवून राह्यली? घरात मी हाय अन् तू हाय."

ती वात वळत होती. वळून झाल्यावर म्हणाली, "मले पाह्यतात."

"कोण?"

"काय माहीत कोण. माणसं."

"कुठून पाह्यतात? खिडकी तं बंद हाय."

"समोरून. जिथं उभी राहीन, तिथं समोरून. एका जागी थांबली की जास्त. ओढणी घेतली की जराक कमी होते."

मी हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो. माह्या खानदानात दम्यासोबत हे बी येते.

तिले राग आला नाही. "आधी एकच होता," ती म्हणाली. "तुमाले जाऊन तिसरं वर्ष होतं. रज्जबचा महिना. मी दिव्याची काच पुसून राह्यली होती, अन् कोणीतरी समोरून पाह्यलं. मागून पाह्यलं असतं तं मी वळली असती. समोर तं भिंत होती. मंग तो रोज याच वक्ती येई. पाहे अन् जाई. वाईट नजर नव्हती त्याची, रडल्यासारखी होती. मले कीव आली. मंग दुसरा आला. मंग रांगच लागली."

"कमरू, तू एकटी राह्यली. अम्मीचं आजारपण झालं. माणसाले असं होते."

"होत असन. एक जण खोकते. एक जण लय जवळ येते, त्याच्या तोंडाले सुक्या मच्छीचा वास येते. अन् वर टिनावर पाऊस वाजते. इथं ऊन असन तरी वाजते. आपलं घर तं मातीच्या कवेलूचं हाय."

मी तिले रंगूनहून वर्षाले चार पोस्टकार्डं धाडली असतील. तब्येत ठीक, काम ठीक, अम्मीले सलाम. माळ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. टिनाबद्दल नाही, मच्छीबद्दल नाही. मनाले म्हटलं, कोणीतरी परत आलेल्या माणसानं सांगितलं असन. कारंजातून काय मी एकटाच गेलो होतो? बायका पाण्यावर भेटतात, गोष्टी होतात, त्या डोक्यात राह्यतात. हे सगळं मी व्यवस्थित मांडलं, अन् पटवून घेतलं.

पण शफीकनं ती पहिली काच माळ्यावर खिळ्याले टांगली, ती शबे-मेराजच्या सांजी. सगळे जण जमले होते म्हणून ध्यानात राह्यली. शबे-मेराज रज्जबातच येते.

"तुमी तिथं काय काढत होते?" कमरूनं विचारलं.

"बोर्ड," मी म्हटलं. "दुकानाचे बोर्ड."

ओढणीच्या आतून ती माह्याकडं पाह्यत होती असं मले वाटलं. "बरं," म्हणाली, अन् दिवा दिवळीत ठेवाले गेली, तोंड वळवून.

४

शफीक माह्या आधी सहा महिने देशात परतला होता, हे मले माहीत होतं. मी मंगरूळले जाणारी बैलबंडी धरली, तिथं एक मुक्काम केला, अन् दुसऱ्या दिवशी दुपारी आसेगावात उतरलो. कमरूले सांगितलं, एका दरवाजाचं काम हाय.

शफीक ओट्यावर बसला होता. वावरात कापूस फुटून पडला होता अन् हा बाप्पा ओट्यावर. मले पाहून उठला, गळ्यात पडला, आत घेऊन गेला. आत भिंतीवर ती काच.

तिच्यासमोर सतरंजी टाकली होती. सतरंजीवर बसून बसून मधी खळगा पडला होता.

"बरं झालं आले, सैफूभाई," तो म्हणाला. "तुमीच सांगा आता हिले. मायं ऐकत नाही."

"काय सांगू?"

"तोंड झाकून राह्यली. रंगूनले होती तवर चांगली पाहे. इथं आली अन् आधी कपाळ झाकलं. मंग भुवया. मी म्हटलं, बिचारी लाजते. आता तं डोळे बी गेले."

मी काचेजवळ गेलो. मी जी ओढणी केसांच्या वर काढली होती, हिरवी, जरीच्या काठाची, ती बाईच्या ओठापर्यंत आली होती. खाली हनुवटी, अन् उजव्या गालाच्या कोपऱ्यात तीळ.

माहं डोकं कामाले लागलं. ओल शिरली, रंग सुटला, खाली उतरला. पण काचेवर डोळे सगळ्यात आधी काढले असतात. ते काचेले चिकटलेले. त्यांच्या अन् काचेच्या मधात रंग जाणार कुठून? मी बोट फिरवलं. काच गुळगुळीत होती अन् थंडी होती. ओल असते असं मी शफीकले म्हटलं. माहाच आवाज मले खोटा वाटला.

तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन आली. अन्वरी तिचं नाव. वावरात राबणारी बाई, डोक्यावर पदर अन् तोंड उघडं. काळीसावळी, नाक बसकं, डोळे बारीक अन् हुशार. गव्हाळ नाही, सरळ नाही, मोठे नाहीत. उजव्या गालावर तिनं काजळाचा एक तीळ लावला होता.

मी त्या तिळाकडं पाह्यतच राह्यलो.

"पाह्यता काय, भाई?" ती म्हणाली. "आल्याबरोबर मले म्हणे, तुया गालावरचा तीळ कुठी गेला? मी म्हटलं, नव्हताच. म्हणे, खोटं बोलते. तू ती नाहीच म्हणे. मंग मी काजळ लावलं. दोन दिवस बोलला माह्याशी. आता त्याले काजळ बी ओळखू येते."

"अन्वरी, जा आत," शफीक म्हणाला.

"जातेच हाय. आतच तं असतो आमी." तिनं पाण्याचा गडवा ठेवला अन् माह्याकडं वळली. "ही तुमी काढली न? कोणाची बायको हाय ही?"

मी गडवा तोंडाले लावला. शफीक वावराकडं पाहाले बाहेर गेला तेव्हा तिनंच ती काच खिळ्यावरून काढली, गोधडीत गुंडाळली अन् माह्या हातात दिली. "घेऊन जा," म्हणाली. "तो शिव्या देईन, मी खाईन. मले सवय हाय."

५

घरी आलो तेव्हा दुपार होती. कमरू आतल्या खोलीत जात्यावर बसली होती, जात्याचा आवाज येत होता. मी लिंबाखाली गोधडी सोडली, काच पालथी टाकली अन् खरडणी घेतली.

माहा हिशोब साधा होता. रंग गेला की चित्र गेलं, चित्र गेलं की एक माणूस कमी. बाकीच्यांले पत्रं लिहीन, मागवून घेईन. सुरत, चाटगाव, जिथं असतील तिथं. बिनडोक विचार होता, पण माणसाले हाताले काहीतरी काम लागते.

मागून खरडायचं म्हणजे जे शेवटी काढलं ते आधी निघते. आभाळ निघालं. निळा भुगा खाली पडला. मंग कपडे अन् त्यांच्यासंगं ओठापर्यंत उतरलेली ओढणी बी, मंग गळा, मंग गाल. आत जातं फिरत होतं. कातडीचा रंग मी तिथं तांदळाच्या पाण्यासारखा पातळ लावत असे, तो पटकन सुटला. राह्यले डोळे. मागच्या बाजूनं दिसणारे डोळे. मी पातं टेकवलं.

जातं थांबलं.

"नका," कमरू आतून म्हणाली.

ओरडून नाही. मीठ पाह्यजे काय म्हणते, त्याच आवाजात. तिच्या अन् माह्यामधी भिंत होती, मी काय करून राह्यलो हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. माह्या हातातून पातं पडलं.

ती अंगणात आली, ओढणी तशीच. माह्यासमोर बसली अन् तिनं काच उचलून उन्हाकडं धरली. काचेत तोंड नव्हतं, ओढणी नव्हती, नुसते दोन डोळे होते. तिचेच होते. मी ते चांगले काढले होते.

"असेच असतात ते," ती म्हणाली. "मले पाह्यतात ते. तोंड नसते कोणाले, नुसते डोळे. मले वाटे, असं कसं? आता समजलं." मंग तिनं विचारलं, "किती काढल्या?"

"तीन," मी म्हटलं.

"सव्वीस," ती म्हणाली.

मी खाली पाह्यलं. मंग सगळं सांगितलं. माळा, शफीक, उस्ताद, तिळाची पळवाट, सगळं. अन्वरीच्या काजळाबद्दल बी सांगितलं, ते सांगताना मले रडू आलं. तिले नाही आलं.

"मी इथं तुमच्या अम्मीचं हागणं-मुतणं काढून राह्यली होती," ती म्हणाली, "अन् सव्वीस परके माह्या तोंडाकडं पाह्यत होते. आंघोळ मी दार लावून, दिवा विझवून करे. अम्मी शेवटी शेवटी विचारे, कमरू, तोंड काहून झाकते, मले दाखव न. मी दाखवलं नाही. मरताना बी तिले माहं तोंड दिसलं नाही. हे तुमच्या डोक्यावर हाय."

"हाय," मी म्हटलं.

"एक सांगा. तुमी तुमच्यासाठी एक तरी काढली होती?"

मी पुष्कळ विचार केल्यासारखं केलं. विचार करण्यासारखं काही नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "एक बी नाही."

तिनं काच मांडीवर आडवी ठेवली. लिंबाचा पाला काचेवर पडला तो तिनं झटकला.

"मी वाट पाहे," ती म्हणाली. "नवा कोणी आला की मी ओढणी जराक वर करे. वाटे, एखादे तरी यांचे असतील. तुमचे डोळे मले ओळखू आले असते. नऊ वर्षांत एकदा बी नाही आले."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोरी काच माह्यासमोर ठेवली. माह्या पेटीतलीच होती, रंगूनहून आणलेली, शेवटची.

"तुमचे काढा," म्हणाली.

"काय?"

"डोळे."

मी नाही म्हणू शकलो असतो. घरचा मालक होतो, मर्द होतो. दाढी करायचा आरसा लिंबाले अडकवला अन् बसलो. उन्हं चांगली होती. बुबुळातला पांढरा ठिपका काढला. मंग काळं, मंग भोवतीचा तपकिरी, मंग पांढऱ्यातल्या लाल शिरा. आपलेच डोळे काढताना आरशात पाहा लागते, अन् आरशातला माणूस तुमच्याकडंच पाह्यत असते, त्याच्यात कीव नसते. दुपारपर्यंत दोन्ही झाले. पापण्यांसाठी मी बारीक कुंचला उचलला.

"राहू द्या," कमरू म्हणाली. ती केव्हा मागं येऊन उभी राह्यली होती, मले समजलं नाही.

"पापण्या राह्यल्या."

"कायले पाह्यजेत?"

रंग ओला होता. ती काच कडेले धरून आत घेऊन गेली. दिवळीत ठेवल्याचा आवाज आला. "बाहेरच बसा," आतून म्हणाली. "मी सांगेपर्यंत येऊ नका."

मी लिंबाले टेकून बसलो. ऊन तोंडावर येत होतं, म्हणून डोळे मिटले.

मिटले अन् मले चूल दिसली.

मी डोळे उघडले. अंगण, वाट्या, आरसा. परत मिटले. चूल, तवा, कोपऱ्यात पाण्याचा माठ, दिवळीच्या उंचीवरून दिसते तसं. मनाले म्हटलं, रोज पाह्यतो ती खोली, मनात बसली असन, उन्हानं डोकं गरम झालं असन. मी हे म्हणत होतो अन् ती समोर आली. तिनं हात वर केला अन् ओढणी काढली.

मले ती ओळखू आली नाही.

गाल आत गेले होते. केस कानशिलापाशी पांढरे, एका बाजूले जास्त. ओठाच्या कोपऱ्याले भाजल्याचा जुना डाग. डोळ्याखाली काळं, अम्मीच्या उशाशी जागलेल्या रात्रींचं असन. अठ्ठावीस वर्षांची बायको मी सोडून गेलो होतो अन् तीच मी सव्वीस वेळा काढली. ही बाई मी काढली नव्हती. सव्वीस जण रोज पाह्यत होते, पण ही त्यांच्यापैकी कोणाले दिसली नव्हती. अम्मीले बी नाही. नऊ वर्षं ही तिथं होती अन् तिच्याकडं कोणीच पाह्यलं नव्हतं.

ती जवळ आली. अजून जवळ. तिच्या श्वासानं काच धुरकट झाली अन् परत साफ झाली. ती नुसती पाह्यत होती, अन् मले त्या पाह्यण्यातून सुटायचं होतं. मी डोळे गच्च मिटले, पण ते आधीच मिटलेले होते.

"दिसलं?" आतून आवाज आला. भिंतीपलीकडून बी आला, अन् अगदी तोंडासमोरून बी.

"दिसलं," मी म्हटलं.

"पाहा मंग," ती म्हणाली.

७

याले आता चार महिने होऊन गेले. अन्वरीचा निरोप आला होता की शफीक कापूस वेचाले जाते, कमी बोलते, पण जाते. मी मांगीलालचा बोर्ड पुरा केला. अक्षरं जराक वाकडी आली, तो भला माणूस काही बोलला नाही. माणसाचं तोंड मी परत काढलं नाही.

कमरू घरात ओढणी डोक्यावर घेते, तोंडावर नाही. एका जागी बसून तांदूळ निवडते. मी विचारलं एकदा, ते येतात काय अजून? येतात म्हणाली, सव्वीसच्या सव्वीस. शफीकची काच गेली तरी त्याचं येणं बंद झालं नाही. "पण एवढ्या जणांत एक तरी ओळखीचा हाय," म्हणाली, अन् भाकर उलथली.

मी समोर बसून जेवतो तेव्हा तिच्या तोंडाकडं पाह्यत नाही. गरज पडत नाही. मान खाली घातली तरी मले ते दिवळीतून दिसत असते, अन् डोळे मिटले की जास्त साफ दिसते. डॉक्टर म्हणते, डोळे चांगले हायेत. मी बी कधी कधी म्हणतो, मनाचा खेळ हाय, गुन्ह्याची टोचणी असते माणसाले. मंग ती आत माठाचं झाकण उचलते, अन् मी अंगणात बसून पाणी किती उरलं ते पाह्यतो.

झोपायच्या आधी ती दिवळीवर एक फडकं टाकते. तेवढं पडलं की मले अंधार होते अन् झोप लागते.

काही दिवस टाकत नाही. विसरत असन. मी आठवण करून देत नाही.